चढ्या पट्टीतली टेप

माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला मी पहिल्याच दिवशी दम देते: लाइव्ह टेपच्या वेगावर विश्वास ठेवायचा नाही. स्टुडिओतली रेकॉर्ड वेगळी. तिथे खोकला नाही, गलका नाही, सगळे फोटोला बसल्यासारखे ताठ. ब्लूज जमवायचा तर लाइव्ह जमवावा. तिथे गाणारा घामाघूम असतो, ग्लास फुटतात, मागून कुणीतरी शिवी घालतं आणि त्या शिवीवरच तो पुढची ओळ उचलतो. पण असली टेप भरणारा बहुतेक वेळा कुणाचा तरी मेहुणा असतो. खुर्चीवर मशीन ठेवतो, बटण दाबतो आणि प्यायला निघून जातो. मशीनचे सेल उतरलेले असले की फीत हळू फिरते, आणि अशी भरलेली फीत चांगल्या मशीनवर लावली की सगळं पळत सुटतं, आवाज वर चढतो. म्हशीची शेळी होते. म्हणून आधी वेग तपासा, मग वाहवा करा.

हे मी इतक्या जणांना सांगितलंय की झोपेतसुद्धा सांगेन. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच.

माझा थोरला भाऊ ब्लूज गायचा. गिटार त्याची, गळाही त्याचा. गळा खर्जातला, बाबांकडून आलेला. सोबत बेसवर चिरक्या आणि ड्रमवर एक शांत, जाडजूड माणूस. चिरक्या हे नाव दादानेच ठेवलं होतं, कारण त्याचा आवाज फाटक्या शिट्टीसारखा. तिघांनी मिळून एकच रेकॉर्ड काढली, तीनशे प्रती. त्यातल्या एक्केचाळीस आज माझ्याकडे आहेत. कुठे बेचाळिसावी दिसली की मी तीही आणते. त्या मी कुणाला विकत नाही, आणि कुणी हट्ट धरला तर मी त्याला दुकानाबाहेर काढते. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे गिऱ्हाइकांना माहीत आहे.

जमवणाऱ्यांना मात्र रेकॉर्ड नको असते. त्यांना हवा असतो शेवटचा कार्यक्रम. तो टेप झाला होता अशी वदंता होती, पण ती टेप कुणी पाहिली नव्हती. रविवारची दुपार होती. बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात साठेक माणसं जमली होती. चौथ्या गाण्याला मारामारी सुरू झाली, कुणीतरी विजेचा खटका ओढला आणि तळघरात काळोख झाला. पाचएक मिनिटांनी दिवे आले तेव्हा दादा गिटारवर पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू फुटली होती. शेजारी माइकच्या स्टँडची लोखंडी बैठक पडली होती, रक्ताने भिजलेली. पोलिसांनी साठही जणांना विचारलं. साठही जण म्हणाले, काळोख होता.

मी पंधरा वर्षांची होते. बाबा ओतकामाच्या कारखान्यात मुकादम होते, त्या रविवारी जादा पाळीला गेले होते. ते घरी आले तेव्हा आई जमिनीवर डोकं आपटत होती. पुढच्या वर्षी आईही गेली. मी तेव्हाच ठरवलं होतं की हा माणूस सापडला की मी त्याचे हात मोडणार. पोलीस, कोर्ट नंतर. आधी हात. बावीस वर्षं मी याच एका गोष्टीवर जगले असं म्हटलं तरी चालेल.

चिरक्या दर शनिवारी दुकानात यायचा. रेकॉर्ड प्लेअरला सुई बसवायला मला त्यानेच शिकवलं. दादा मला धाकटे म्हणायचा, म्हणून तोही म्हणायचा. काळोख झाल्याबरोबर आपण पळालो, हे त्याने मला रडत रडत सांगितलं होतं. तो दादाच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर उभा होता. त्याच दिवशी सकाळी दोघांचं भांडणही झालं होतं, कारण दादा दुसऱ्या शहरात जायचं म्हणत होता. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी त्याला चहा देत होते. भित्रा आहे, पण खोटा नाही, असं माझं मत होतं.

मंगळवारी सकाळी ड्रमवाल्याची बायको आली आणि तिने गल्ल्यावर बुटांचा खोका ठेवला.

"हे गेले गेल्या महिन्यात," ती म्हणाली. "कपाट आवरताना मिळालं. त्या दिवसाचं आहे. ह्यांना कधी ऐकायची हिंमत झाली नाही. तू ठेव."

खोक्यात एकच फीत होती. मी शटर अर्धं ओढलं, मशीन पुसलं आणि लावली.

पहिल्यांदा अॅम्प्लिफायरची घरघर, मग माणसांचा गलका, मग दादा. आवाज हलका होता, कोवळा, रेकॉर्डवरच्यापेक्षा खूपच तरुण. मला वाटलं, असाच असणार. सव्वीस वर्षांचं वय ते. मी आता सदतीसची आहे, मला तो पोरच वाटणार. मी गल्ल्यावर डोकं ठेवून रडले. गाणी जरा घाईत वाटली, तर म्हटलं, जोशात होता. धंद्यातली सगळी अक्कल मी त्या रडण्यात वाहून जाऊ दिली.

चौथ्या गाण्यात बाटली फुटली. कुणीतरी ओरडलं, टेबल पडलं. मग खट् झालं आणि घरघर थांबली. वीज गेली होती, पण मशीन सेलवर चालू होतं. लांबून किंकाळ्या, धक्काबुक्की. आणि अगदी जवळून, माइकला चिकटून बोलावं तसा एक बारीक, चिरका आवाज.

"खाली ठेव ते. ठेव म्हणतो ना."

दादा म्हणाला, "नाही."

मग फटका. लोखंड हाडावर बसल्याचा आवाज ऐकायला शिकवावा लागत नाही. मग तोच बारीक आवाज, घाईघाईने, खिजवल्यासारखा.

"ऊठ. ऊठ. नाटकं नकोत, ऊठ."

दादा उठला नाही. पावलं पळाली. फीत संपली.

मी फीत तीन वेळा ऐकली. तिसऱ्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बावीस वर्षं मी त्या माणसाला चहा पाजला होता. शटर ओढायची सळई दाराशीच असते. ती घेतली, टेप छोट्या मशीनमध्ये घातली, पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाले.

चिरक्याचं वाद्यदुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे आहे. एका जुन्या गिटारची मान चिकटवून त्याने ती पट्ट्यांनी आवळून ठेवली होती. चष्मा कपाळावर, बोटांना सरस. मला बघून तो हसला.

"ये गं धाकटे. आज मंगळवारी कशी काय?"

मी पहिला फटका खांद्यावर घातला. तो बाकावर कोसळला आणि चिकटवलेली गिटार खाली पडून तिची मान पुन्हा तुटली. दुसरा गुडघ्यावर. तो खाली बसला आणि हात डोक्यावर धरले. तो ओरडला नाही, नुसतं "अगं, अगं" म्हणत राहिला, जणू माझ्या हातून काही सांडलं होतं. मी त्याचा डावा हात मनगटाला धरून बाकावर आपटला. हा बेस वाजवणारा हात, तारा दाबणारा. त्यावर मी सळई घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी बोटांतून ओल्या काटक्या मोडल्यासारखा आवाज आला आणि एक बोट भलत्याच बाजूला वळलं. बाकावर रक्त आणि सरस एक झालं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

"बावीस वर्षं," मी म्हणाले. "बावीस वर्षं माझ्यासमोर बसून चहा ढोसलास."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काय केलं मी, ते तरी सांग."

"ऐक."

मी मशीन त्याच्या कानाशी ठेवलं आणि टेप सुरुवातीपासून लावली. सगळं ऐकायला लावायचं आणि मग दुसरा हात मोडायचा, असं माझं ठरलं होतं. तो मोडका हात छातीशी धरून बाकाला टेकला होता आणि ऐकत होता. पहिल्या गाण्यालाच त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे कोण गातंय?"

"माझ्याशी नाटकं करू नकोस."

"धाकटे, दादा असा कधी गायचा? हा तर मिसरूड न फुटलेल्या पोराचा गळा आहे." त्याला धाप लागली होती. "तो बेस काढ भिंतीवरचा. सगळ्यात जाडी तार. बोट न दाबता, मोकळी छेड."

मी सळई वर उचलली.

"छेड, मग मार. मी कुठे पळतोय आता."

का कोण जाणे, मी बेस काढला आणि तार छेडली. खालचा, जड सूर खोलीभर पसरला.

"हे गाणं माझ्या या मोकळ्या तारेवर सुरू होतं," चिरक्या म्हणाला. "त्याहून खाली माझ्याकडे सूरच नाही. आणि दादा गिटारच्या तारा उतरवायचा, चढवायचा कधीच नाही. आता टेप लाव."

मी टेप मागे नेऊन लावली. पहिला सूर आला. तो माझ्या हातातल्या तारेपेक्षा बेसच्या मानेवरची चांगली तीन-चार घरं वर होता.

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. उतरलेले सेल. हळू फिरलेली फीत. दुधखुळं गिऱ्हाईकही ज्यात फसणार नाही, त्यात मी फसले होते. म्हशीची शेळी झाली होती आणि मी शेळीचा गळा धरून बसले होते. माझ्या हातातून सळई खाली पडली.

"तो बारीक आवाज," मी म्हणाले. "तो..."

"बारीक नाहीच तो," चिरक्या म्हणाला. मग त्याने आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो पहिल्यांदा रडला. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस गं."

मी त्याला खांद्याचा आधार देऊन इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगठा आणि करंगळी वाचतील, मधली तीन बोटं पुन्हा वळणार नाहीत. कसं झालं, असं विचारल्यावर चिरक्या म्हणाला, कपाट पडलं. डॉक्टरांनी माझ्या कपड्यांवरचं रक्त बघितलं आणि कपाटच लिहिलं. मला वाटलं होतं तो माझ्याकडे बघेल, काहीतरी बोलेल. त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याने मला दोन लाथा घातल्या असत्या तर मी त्याची ऋणी झाले असते.

दुपारी मी दुकानात परतले आणि टेप मोठ्या मशीनवर लावली. त्या मशीनला वेग कमीजास्त करायचं बटण आहे. अशा टेपा मी घरघरीवर जुळवते. विजेच्या अॅम्प्लिफायरची घरघर सगळीकडे एकाच सुरात असते, ती माझ्या हाडांत बसलेली आहे. ती जागेवर आली की टेप जागेवर आली. आजवर शेकडो टेपा मी अशा सरळ केल्या, आणि सकाळी याच बटणाला माझा हात लागला नव्हता.

मी बटण हळूहळू मागे घेतलं. घरघर खाली उतरली. दादाचा आवाज पायरी पायरीने उतरत गेला आणि एका ठिकाणी येऊन थांबला. तिथे माझा भाऊ होता. पोर नाही, पुरुष. जड, सावकाश, ओळीच्या शेवटी जरासा घासटणारा. मी रडले नाही. मी चौथ्या गाण्याची वाट बघत होते.

बाटली. टेबल. खट्. काळोख. आणि मग तो जवळचा आवाज, आता आपल्या खऱ्या जागी.

"खाली ठेव ते. ठेव म्हणतो ना."

तो आवाज मी नऊ वर्षांनी ऐकत होते. नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांना नुसतं कुजबुजता येतं. त्याआधी भट्टीच्या आवाजावर चढून शंभर माणसांना ऐकू जाईल असा त्यांचा गळा होता.

"नाही," दादा म्हणाला. फटका बसला.

"ऊठ," बाबा म्हणाले. खिजवणं नव्हतं त्यात. सकाळी जे घाईचं, कुत्सित वाटलं होतं ते आता सावकाश झालं होतं आणि त्यात एक माणूस मोडत होता. "ऊठ. नाटकं नकोत. ऊठ."

बाबा दुकानाच्या वरच्या खोलीत राहतात. जुन्या रेकॉर्डना आतून घालायच्या कागदी पिशव्या ते दिवसभर घड्या घालून करत बसतात. त्यांच्यामुळेच माझ्या दुकानात एकही रेकॉर्ड उघडी नसते. मी मशीन उचलून वर नेलं, सळईही नेली. ते घडीवर अंगठा फिरवत होते. त्यांच्या समोरच्या कागदांवर मी मशीन आदळलं आणि बटण दाबलं.

ते ऐकत राहिले. शेवटच्या "ऊठ"नंतर फीत सुटून फडफडू लागली, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"जादा पाळी होती ना तुझी?" मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना अरे-तुरे केलं. "बोल. जादा पाळी होती ना?"

ते कुजबुजले. कान देऊन ऐकावं लागलं. "घरी आणायला गेलो होतो. तो कायमचा निघाला होता. म्हटलं, गिटारच फोडावी, म्हणजे जाणार नाही. मी गिटारवरच मारलं. तो गिटार वाचवायला वाकला."

मी टेबल उलटवलं. कागद, सरसाचा डबा, मशीन सगळं भिंतीवर गेलं. मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरून त्यांना खुर्चीतून ओढलं. ते कागदाइतकेच हलके होते. ते जमिनीवर गुडघ्यांवर पडले. मी एक मुस्काटात मारली, मग दुसरी, आणि त्यांच्या ओठातून रक्त आलं.

"तुझ्यापायी आज मी एका माणसाचा हात मोडला," मी ओरडले. "कळतंय का? तुझा हात समजून त्याचा मोडला."

मी सळई उचलली. बाबांनी दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि मान पुढे करून वाकवली, मला सोपं जावं म्हणून. डोक्याची मागची बाजू माझ्यासमोर आली, पांढऱ्या विरळ केसांची. ते वाट बघत होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हे त्यांना हवंच आहे, बावीस वर्षं हवं आहे. आणि समोरच्याला हवं ते मी आजवर कधी सुखासुखी दिलेलं नाही.

"इतक्या स्वस्तात नाही सोडणार," मी म्हणाले. "उठा. बूट घाला."

खुर्चीत बसून त्यांना पायांपर्यंत वाकता येत नाही, म्हणून बूट मीच घातले. मी नाडी बांधत असताना त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि मी तो झटकला.

ठाण्यात लिहून घेणारा शिपाई तरुण होता. कुणाची तक्रार, त्याने विचारलं. बाबा टेबलाला धरून बोलू लागले. शिपाई पुढे झुकला, त्याने पंखा बंद केला, तरी त्याला काही ऐकू येईना.

"बाई, तुम्ही सांगा ते काय म्हणतात," तो म्हणाला. "पण जसंच्या तसं सांगा. आपले शब्द घालू नका."

मी बाबांच्या तोंडाशी कान नेला. ते एकेक वाक्य कुजबुजत होते आणि मी ते मोठ्याने म्हणत होते.

"मी मुलाला आणायला गेलो होतो," मी म्हणाले. "काळोखात मी स्टँड उचलला. मला गिटार फोडायची होती. तो मध्ये वाकला. मी माझ्या मुलाला मारलं. मी त्याला ऊठ म्हणालो. तो उठला नाही. मी पळालो."

शिपायाची लेखणी थांबली होती. तो बाबांकडे बघायचा सोडून माझ्याकडे बघत होता. "आणि इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही? का?"

बाबा माझ्या कानात बोलले. दोनच वाक्यं. शिपाई म्हणाला, "काय म्हणाले?"

"घरात एक मुलगी उरली होती," मी म्हणाले. "तीही मला सोडून गेली असती."

शिपायाने ते लिहून घेतलं, खाली रेघ ओढली आणि विचारलं, "ही मुलगी आता कुठे असते?"

"मीच ती," मी म्हणाले. "आता दुसरा कागद घ्या. माझंही लिहायचंय."